खालून वर जाणारा इशारा

गोदीत सगळे त्यांना पुरेकाका म्हणायचे. चहा ओतताना कप अर्धा भरला की ते 'पुरे' म्हणत. कुणी तोंडावर कौतुक करायला लागलं तरी 'पुरे'. स्वतःच्या लग्नात त्यांनी फोटोवाल्याला तिसऱ्या फोटोनंतर 'पुरे' म्हटलं होतं. तिन्ही फोटोंत काकूंचे डोळे मिटलेले आले. चौथा काढू दिला असता तर उघडे आले असते, हे काकू एकतीस वर्षं ऐकवत होत्या.

पण गोदीत त्या सवयीमुळे माणसांची बोटं शाबूत राहिली होती. काका तिथे इशारा देणारे होते. दुरुस्तीला आलेल्या बोटीच्या डेकवर एक मोठं चौकोनी तोंड असतं. इंजिन, पंप, पंखे, जे काही बोटीच्या पोटात जायचं ते तिथून जातं. क्रेन चालवणारा चाळीस मीटर वर, काचेच्या खोलीत. त्याला पोटातलं काही दिसत नाही. पोटात चार फिटर. त्यांना वरचं काही दिसत नाही. आणि मधे, त्या तोंडाच्या काठावर, काका. नजर खाली, हात वर. तळहात खाली दाबला की उतरव. दोन बोटांची चिमटी हलवली की हळू. मूठ आवळली की थांब. हात दिसलाच नाही, तरी थांब.

असं बावीस वर्षं.

वर, काचेच्या खोलीत, गेली अकरा वर्षं एक बाई होती. चाळिशीची, सडसडीत. तिला सगळे घार म्हणत आणि तिला ते आवडायचं. या अकरा वर्षांत ती आणि काका जेमतेम बोलले असतील. काकांचा आवाज गर्दीत तिला ओळखता आला नसता. पण त्यांची करंगळी तिने कुठेही ओळखली असती.

"आज काकांचं घरी वाजलंय," खाली उतरली की ती मुकादमाला सांगायची. "मूठ बघा ना कशी आवळतायत."

आणि ते बहुधा खरं असायचं.

चार महिन्यांपूर्वी एका पंपाचा पट्टा हुकात सरकला. पंप पडला नाही. नुसता झुलला, आणि जाता जाता काकांच्या उजव्या खांद्याला लागला. हाड मोडलं. नऊ आठवड्यांनी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "छान सांधलंय. तुम्ही बरे झालात."

काका घरी आले. ते बरे झालेले नव्हते.

खांदा हलत होता, पण ठणकत होता. झोप तासातासाने तुटायची. जेवणाकडे बघवत नसे. स्वयंपाकघरात झाकण पडलं की काका खुर्चीतून उठून उभेच राहत. छातीत धडधड सुरू व्हायची ती अर्धा तास थांबायची नाही. पंप केव्हाच बोटीत बसला होता. बोट केव्हाच समुद्रात गेली होती. काकांच्या अंगात तो अजून झुलत होता.

"हाड सांधलं, पण अंगाला कुणी कळवलंच नाही वाटतं," काकू म्हणाल्या.

काकूंच्या भावाने एक बाटली आणून दिली. कसल्याशा भांगेच्या तेलाची. बाटलीवर लिहिलं होतं, 'शरीराचा तोल राखते.' सकाळी दोन थेंब, संध्याकाळी दोन. मेहुण्याला त्याने गुण आला होता, किंवा तसं त्याला वाटत होतं. पहिले दोन दिवस काकांनाही वाटलं. मग दोनाचे चार झाले, चाराचे आठ. मग दुपारचेही सुरू झाले. आयुष्यभर जगाला पुरे म्हणणाऱ्या माणसाने त्या ड्रॉपरला मात्र पुरे म्हटलं नाही. दिवसभर डोकं जड राहू लागलं. धडधड होती तिथेच होती.

तशाच अवस्थेत ते कामावर रुजू झाले.

पहिल्या दिवशी एक गिअरबॉक्स उतरवायचा होता. म्हटलं तर वीस मिनिटांचं काम. काकांनी हात खाली केला. गिअरबॉक्स हातभर उतरला. काकांनी चिमटी केली. हळू. घारीने वेग कमी केला. परत चिमटी. तिने आणखी कमी केला. परत चिमटी. आता याहून हळू म्हणजे थांबणंच होतं, तर ती थांबली. काकांनी हात खाली केला. ती हलली. लगेच चिमटी.

दहा मिनिटं झाली. पंचवीस झाली. गिअरबॉक्स हवेत तसाच, लाजल्यासारखा. बोटीच्या पोटातून आवाज आला, "काका, आम्ही खाली निवृत्त होऊ का?"

दुसरा म्हणाला, "माझ्या पोरीचं लग्न आहे हो."

"तुझी पोरगी दोन वर्षांची आहे."

"तेच सांगतोय."

सगळे हसले. काकाही हसले असते. पण त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि बोटं त्यांना न विचारता चिमटी करत होती. पाऊण तासाने गिअरबॉक्स टेकला, तो अर्ध्या वितीने चुकीच्या जागी. परत उचलावा लागला.

दुपारी घार उतरली. सरळ काकांसमोर येऊन उभी राहिली.

"काका, एक सांगू? रागवू नका."

"सांग."

"तुम्ही मला सदतीस वेळा हळू म्हणालात. मुकादमाने मोजलं. पण विसाव्यानंतर मी तुमच्या हाताकडे बघणं सोडलं. मनानेच चालवत होते."

काकांना खांद्याला पंप लागला तेव्हा इतकं लागलं नव्हतं. वरचा माणूस हाताकडे बघत नाही, आणि खाली चार माणसांची बोटं लोखंडाखाली. हे त्यांनी केलं होतं. कमी इशारे देऊन नाही, जास्त देऊन.

मुकादमाने त्यांना बाजूला घेतलं. तो काकांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याला बोलताना जड जात होतं.

"काका, पंधरा दिवस घ्या. परत एकदा बघू. नाही जमलं तर अवजारांच्या खोलीत या. खुर्ची आहे, पंखा आहे."

"पंख्याचं काय करू मी?" काका म्हणाले.

त्या रविवारी पुतणी जेवायला आली. ती वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीरक्रिया शिकवायची. तिने फ्रीजवरची बाटली उचलली, वाचली, उघडून वास घेतला.

"काका, हे कोण घेतं?"

काकूंनी काकांकडे बोट केलं. तेवढ्याचीच वाट बघत असल्यासारखं.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"तेलाचं काय सांगायचं त्यांना?"

"दुखण्याच्या गोळ्याही घेतोस. दोन्ही पोटात गेल्यावर एकमेकांशी भांडू शकतात. उद्या आधी त्यांना ही बाटली दाखव." मग ती लेबलावर बोट ठेवून हसली. "तोल राखते म्हणे. तोल राखणारी गोष्ट तुझ्या अंगातच आहे. अख्खी यंत्रणा आहे. तिचं नाव एंडोकॅनाबिनॉइड."

"नावच घेता येत नाही, ती तोल काय राखणार," काकू म्हणाल्या.

"नाव भांगेवरून आलंय. भांगेतला पदार्थ मेंदूत कुठे जाऊन बसतो ते लोक शोधत होते. तर तिथे त्याच्यासाठी कुलपं सापडली. मग प्रश्न पडला, की माणसाच्या मेंदूत झाडाच्या किल्लीची कुलपं कशाला? शोधलं तर माणसाची स्वतःची किल्ली निघाली. अंगातच तयार होणारी."

"म्हणजे माझ्या अंगात भांग पिकते?"

"भांग नाही रे. तुझी स्वतःची वस्तू. झाड फक्त नक्कल करतं. शोध झाडामुळे लागला म्हणून नाव त्याचं. घर आपलं आणि पाटी भाडेकरूची."

काकू खो खो हसल्या. काका हसले नाहीत. ते पुढे सरकून बसले.

"करते काय ती?"

"सगळ्यात थोडं थोडं. भूक, झोप, दुखणं, पोट, सूज, भीती. स्वतः काही सुरू करत नाही. दुसऱ्याने सुरू केलेलं आवरतं घेते. आणि गंमत म्हणजे," पुतणीने चमचा खाली ठेवला, "शरीर ही किल्ली साठवून ठेवतच नाही. बाकीचे निरोप डब्या भरून तयार ठेवलेले असतात. हे तसं नाही. लागेल तेव्हा, लागेल तिथे, पेशीच्या भिंतीतल्या चरबीतून बनवायचं. काम झालं की तिथल्या तिथे मोडून टाकायचं. काही क्षणांचं आयुष्य. आणि जातं तेही उलटं. मला दर वर्षी मुलांना हेच समजावता येत नाही. एक पेशी निरोप पाठवते, दुसरी घेते. सगळीकडे असंच चालतं. इथे घेणारी पेशी पाठवणारीला उलट कळवते, की पोचलं. आता हळू."

काकांनी नकळत हात वर केला आणि चिमटी हलवली.

"हे तर आमचं काम आहे," ते म्हणाले. "लोखंड वरून येतं. त्याला हळू म्हणायचं ते खालच्याने."

पुतणी त्यांच्याकडे बघतच राहिली. पाच वर्षं ती हेच समजवायला फळ्यावर बाण काढत होती.

"आणि खालच्याने सारखंच हळू म्हटलं तर?" काकांनी विचारलं. हा प्रश्न ते तिला विचारत होते की स्वतःला, कोण जाणे.

"बाहेरून सारखं ओतत राहिलं तर कधी कधी ऐकणाऱ्या पेशी कुलपंच कमी करतात. कान झाकून घेतात म्हण. भांगेतल्या एका पदार्थाचं तसं दिसलंय. तुझ्या बाटलीत नेमकं काय आहे ते बाटलीवाल्यालाही माहीत नसेल." तिने बाटली परत ठेवली. "काका, यातलं सगळं पक्कं कळलंय असं नाही हं. अर्धं कळलंय. अर्धं शोधतायत."

"मग कळलेलं अर्धं सांग."

"दम लागेल इतकं चाललं, की रक्तात ही अंगातली द्रव्यं वाढतात. मोजलेलं आहे. त्यातल्या एका द्रव्याचं नाव तर आनंदावरून ठेवलंय. आपल्याच शब्दावरून. झोपेचं आणि त्याचं नातं आहे. माणसांत बसण्याशीही असावं, पण ते उंदरांवर बघितलंय."

"उंदीर माणसांत बसले?"

"उंदरांत बसले, काका."

"मग ठीक. आणि भीतीचं?"

पुतणी हळू बोलली. "भीती पुसून टाकता येत नाही. पण तोच आवाज परत परत आला आणि काहीच वाईट झालं नाही, की मेंदू नवीन शिकतो. ते शिकायला ही यंत्रणा मदत करते. मात्र त्याला आवाज ऐकायला लागतो. घरात बसून नाही होत."

सोमवारी काका बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर थोडे ओरडले. तेल बंद झालं. गोळ्या हळूहळू कमी करायच्या ठरल्या. खांद्याचे व्यायाम लिहून मिळाले.

मंगळवारपासून काका आणि काकू सकाळी चालायला लागले. कालव्याच्या कडेने, पुलापर्यंत, आणि मग पुढचा चढ. पहिल्या दिवशी चढ निम्मा झाला आणि काकू रस्त्याच्या दगडावर बसल्या.

"तुमच्या भीतीसाठी माझा जीव घेताय," त्या धापा टाकत म्हणाल्या.

"तू थांब इथे. मी जाऊन येतो."

"वा! आणि वर तुम्हाला चक्कर आली तर कोण बघणार? चला."

चौथ्या दिवशी त्या पुढे होत्या आणि काका मागे. वर पोचले तेव्हा दोघांना बोलता येत नव्हतं. दोघं नुसते उभे राहिले. खाली घरांच्या पत्र्यांवर ऊन पडलं होतं. कुठेतरी पाणी सोडलं होतं. काकांना एकदम जाणवलं की छाती धडधडते आहे, पण ही धडधड वेगळी आहे. ही कुणी घाबरवल्यामुळे आलेली नव्हती. आणि ती बघता बघता शांत झाली. त्यांनी घड्याळ बघितलं. दोन मिनिटं.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"उतरली," काका म्हणाले. "आपली आपण उतरली."

दुसरी गोष्ट घारीने काढली. तिने घरी फोन केला. तो काकूंनी उचलला, आणि दोघी पंधरा मिनिटं काकांबद्दल आणि पुतणीने सांगितलेल्या आवाजाबद्दल बोलल्या. काका समोरच बसलेले असताना.

"उद्यापासून दुपारचं जेवण क्रेनखाली," फोन ठेवून काकूंनी जाहीर केलं. "काही करायचं नाही. बसायचं, जेवायचं, यायचं."

पहिल्या दुपारी काका आणि घार लाकडी ठोकळ्यांवर डबे उघडून बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्यात मागे कुणीतरी लोखंडी पत्रा टाकला. काका उभे राहिले. डबा पालथा झाला.

घारीने वर बघितलं नाही. खाली सांडलेलं गोळा करायला लागली. "पत्रा होता," ती म्हणाली. "सकाळपासून टाकतायत. त्यांना हळू ठेवता येत नाही, आईने शिकवलं नाही."

काका बसले. पंचवीस मिनिटं धडधडत राहिलं. मग थांबलं.

दुसऱ्या दिवशी ते अर्धवट उठले. तिसऱ्या दिवशी फक्त मान वळली. रोज आवाज व्हायचे. साखळ्या, हातोडे, पत्रे. रोज काही वाईट घडत नव्हतं. काका तिथे बसून एकच काम करायचे. आवाज आला की अंग उसळायचं, आणि ते किती वेळात खाली येतं ते बघायचं. पंधरा मिनिटं. आठ. तीन. नववा दिवस त्यांना पुढेही आठवत राहिला, कारण त्या दिवशी त्यांनी आपला डबा संपवला आणि घारीच्या डब्याकडे बघितलं.

"घ्या," ती म्हणाली. "नवऱ्याने केलंय. मीठ विसरलाय."

काकांनी घेतलं. मीठ खरंच नव्हतं. त्यांनी सगळं खाल्लं.

रात्रीची झोप आता चार-चार तास लागत होती. मधे एक दिवस खांदा फार दुखला आणि त्या सकाळी चालणं झालं नाही. सगळं सरळ रेषेत सुधारत होतं असं नव्हे. पण काका चिडले नाहीत. बिघडलेला दिवस बिघडलेला दिवस म्हणून संपू द्यायचा, एवढं त्यांना जमायला लागलं होतं. काकूंच्या मते लग्नानंतर पहिल्यांदाच.

मुकादमाने दिलेले पंधरा दिवस संपले आणि सोळाव्या दिवशी इंजिन होतं. साडेसहा टन. बोट लहान, तोंड अरुंद, चारी बाजूंना चार बोटं जागा. खाली फिटर बोल्टांच्या तोंडाशी उभे. मुकादम डेकवर, हात मागे बांधून. त्याने दुसऱ्या एका इशारा देणाऱ्या माणसाला जवळच उभं करून ठेवलं होतं. काकांनी त्याला बघितलं. बरोबर केलं, असं त्यांना वाटलं. त्यांनीही तेच केलं असतं.

काका काठावर आले. वर काच उन्हात चमकत होती. मागचा चेहरा दिसत नव्हता.

त्यांनी तळहात खाली केला.

इंजिन उतरायला लागलं. एक मीटर. दोन. बोटं चिमटीकडे जायला बघत होती. काकांनी ती जाऊ दिली नाहीत. अजून गरज नव्हती. गरज नसताना द्यायचा नाही. इंजिनाचा तळ डेकच्या पातळीला आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा चिमटी केली. एकदाच. वेग त्याच क्षणी निम्म्यावर आला.

खालून आवाज, "दीड हात!"

"एक हात!"

"वीतभर!"

त्याच वेळी मागच्या कारखान्याचा लोखंडी दरवाजा वाऱ्याने आपटला. तोफेसारखा.

काकांचं अख्खं अंग उसळलं. पंप झुलत आला, अगदी तसाच, तीच सावली. त्यांनी मूठ आवळली. इंजिन वीतभर उंचीवर थांबलं. मुकादम एक पाऊल पुढे आला. दुसऱ्या माणसाने हातमोजे चढवले.

काका उभे राहिले. त्यांनी काही केलं नाही. खांदा ठणकला आणि त्यांनी तो ठणकू दिला. छाती कालव्याच्या चढावर धडधडायची तशी धडधडत होती. ते नुसते बघत राहिले. एक श्वास. दोन. कुठेतरी आत, बघता येणार नाही इतक्या बारीक जागी, घेणारा पाठवणाऱ्याला सांगत होता, की पोचलं. सहाव्या की सातव्या श्वासाला पंपाची सावली विरली. समोर फक्त इंजिन होतं. राखाडी रंगाचं, तेलकट, नवंकोरं.

काकांनी मूठ उघडली. चिमटी केली. एकदा.

इंजिन केसाकेसाने उतरलं. वर कुणीतरी त्यांच्या दोन बोटांना आपली दोन बोटं लावून बसलं असावं, इतकं ते बरोबर होतं. काकांची बोटं हलली की साडेसहा टन हलत होते. बोटं थांबली की थांबत होते.

"बसलं!" खालून चौघे एकदम ओरडले. "काका, चारही बोल्ट. हातोडी पण लागली नाही!"

"पोरीचं लग्न जमलं का रे?" काकांनी वाकून विचारलं. खालून हशा आला.

मुकादमाने दुसऱ्या माणसाला खांद्यावर थोपटून त्याच्या कामावर पाठवून दिलं. मग काकांजवळ आला. त्याला पुष्कळ काही बोलायचं होतं. तो एवढंच म्हणाला, "जनरेटर पण आजच आहे. जेवणाआधी घ्यायचा का?"

काकांनी खांदा फिरवून बघितला. दुखत होता. काम चालेल इतका दुखत होता.

"घेऊ," ते म्हणाले, आणि रिकामा हूक परत बोलावायला हात वर केला. हात पुरता वर जायच्या आतच क्रेन वळायला लागली होती.